आम्हांला कुठेही चालेल

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या माणसावर लिहायचं तर आधी तो माणूस पुरता कळायला हवा आणि मग लिहिता यायला हवं. माझ्याकडे दोन्ही अर्धवटच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याआधी आमच्याकडचा सर्वांत लांब मजकूर म्हणजे आईच्या व्हिसाचा अर्ज, आणि तोही वकिलाने लिहिला होता. शिवाय ज्यांच्यावर लिहायचं त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडलेली आहे. ती पुढे येईलच. त्यामुळे आपण लिहावं की नाही हे ठरवण्यात महिनाभर गेला. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही असं दिसलं, कारण मंडळातल्या लोकांना ते फक्त ‘ते हाडांचे डॉक्टर, गणपतीला उशिरा येतात ते’ एवढेच माहीत आहेत. उशिरा का येत, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते.

आमच्या डॉक्टरकाकांइतके हरलेले सामने इतक्या आनंदाने पाहिलेला माणूस सगळ्या वेल्समध्ये दुसरा नसेल. कार्डिफमधलं आमचं कॉलेज लहान. शहरात मोठी विद्यापीठं आहेत, त्यांच्या सावलीत ते कुठेतरी उभं आहे. त्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाचे काका डॉक्टर. त्यांना या पदावर कुणी नेमलं होतं याचा कागद कुठेही सापडत नाही. त्यांची स्वतःची मुलगी त्या कॉलेजात असताना एका बुधवारी ते सामना बघायला गेले, कुणाचा तरी घोटा मुरगळला, त्यांनी तो दाबून पाहिला, आणि तेव्हापासून ते प्रत्येक बुधवारी जात राहिले. मुलगी शिकून, लग्न होऊन लंडनजवळच्या पिनरला गेली, तरी हे जातच राहिले. इथल्या कॉलेजांचे सामने बुधवारीच असतात. हॉस्पिटलात नोकरी होती तोवर बुधवार दुपारची ऑपरेशनं त्यांनी कधी लावली नाहीत. निवृत्त झाल्यावर गणपतीची आरतीसुद्धा बुधवारी आली तर ते चिखलाच्या बुटांनी, प्रसाद वाटून झाल्यावर पोचत.

माझी त्यांची ओळख आईमुळे. आई वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. डॉक्टरकाकांच्या पत्नी शेवटचं दीड वर्ष तिथे होत्या. त्यांची आठवण जात चालली होती. आधी इंग्रजी गेलं, मग माणसं गेली, शेवटी फक्त नागपूरकडचं मराठी उरलं. त्या इमारतीत ते मराठी समजणारी एकटी आमची आई, म्हणून त्यांना भरवायला तीच लागे. काका रोज येत. बुधवारी संध्याकाळी येत ते वाऱ्याने लाल झालेलं नाक घेऊन. पत्नी त्यांना ओळखत नसत, पण आलेला माणूस कुठल्यातरी सामन्याहून आला आहे एवढं त्यांना कळे. त्या विचारत, “जिंकलो का?” आणि काका खुर्ची ओढून म्हणत, “थोडक्यात गेला.” आई सांगते, त्या वर्षी प्रत्येक सामना थोडक्यात गेला. त्यातला एक नऊ-शून्य होता हे आम्हांला फार नंतर कळलं.

पत्नी गेल्यावर दोनेक महिन्यांनी मला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ते अभिनंदन करायला आमच्या फ्लॅटवर आले. आईने चहा विचारला. काका म्हणाले, “छे छे, आत्ताच घेऊन आलो.” आई म्हणाली, “अहो डॉक्टरसाहेब, अर्धा कप.” “नाही हो, खरंच नको.” “घोटभर तरी.” “तुम्ही उगीच त्रास घेऊ नका.” आईने आधण केव्हाच ठेवलं होतं. ते दोन कप प्यायले, चार करंज्या खाल्ल्या, पाचवीला नको म्हणाले आणि आईने ती पिशवीत घालून दिली. हे सगळं मी इथे लिहिते आहे कारण काकांचा स्वभाव त्यातच होता. त्यांना काहीही द्यायचं तर तीन वेळा द्यावं लागे. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा समोरच्याची परीक्षा घेणारा, आणि तिसरा मुळात नकार नसेच. ते स्वतःच सांगत, की या देशात नवीन असताना त्यांच्या घरमालकिणीने जेवताना विचारलं, ‘आणखी बटाटा?’ ते नको म्हणाले, आणि तिने भांडंच उचलून नेलं. “पूर्ण हिवाळाभर मी एका बटाट्यावर काढला,” ते म्हणत आणि मोठ्याने हसत. पण त्यातून ते काही शिकले मात्र नाहीत. लंडनच्या एका हॉस्पिटलात मोठी जागा निघाली तेव्हा मुलाखतीत विचारलं, की दुसऱ्या एका उमेदवाराला घाई आहे, तुम्ही थोडं थांबू शकाल का? हे म्हणाले, जरूर. ते थांबले ते निवृत्त होईपर्यंत.

तर त्या दिवशी करंजी खाताना त्यांनी मला विचारलं, “खेळतेस काही?”

“नाही हो काका. मला काहीच येत नाही.”

“उत्तम. मग गोलकीपर हो. बाकीच्यांना खेळावं लागतं.”

अशी मी हॉकीत आले. अमरावतीत आठवीपर्यंत आणि कार्डिफमध्ये पुढे, मी कुठल्याच मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. आता पायांना गाद्यांसारखी पॅडं आणि डोक्यावर पिंजरा घालून मी दर बुधवारी उभी राहू लागले. पहिल्या सामन्यात सात गोल खाल्ले. काका कडेने आले, पिंजऱ्यात डोकावून म्हणाले, “सात गेले, ते जाणारच होते. आठवा अडवलास तो बघितला मी.” आठवा मी अडवला नव्हता. तो माझ्या पाठीला लागून बाहेर गेला होता. पण त्यांनी तो त्यांच्या डायरीत लिहिला.

सामना चालू असताना ते रेषेवरून येरझारा घालत आणि मराठीत ओरडत. “अगं डावीकडे! डावीकडे अख्खं गाव रिकामं आहे!” आमच्या संघात मराठी फक्त मला कळे, पण ‘डावीकडे’ हा शब्द सगळ्यांनी उचलला होता. आमची कॅप्टन मेगन, कारमार्थनकडच्या शेतकऱ्याची मुलगी, ती तर पंचांशी भांडताना पण ‘डावीकडे’ म्हणे. दुखापतीवर काकांचं निदान एकच: “काही नाही, दोन दिवसांत पळशील.” पण हे म्हणण्याआधी ते दहा मिनिटं एकेक हाड दाबून बघत. मुली म्हणत, “डॉक, मी ठीक आहे.” ते म्हणत, “ते तू ठरवायचं नाहीस,” आणि दाबत राहत.

इथे एक पद्धत आहे. सामना संपला की यजमान संघाने पाहुण्या संघाला खाऊ घालायचं. बहुतेक ठिकाणी बटाट्याचे तळलेले काप आणि सॉसेज देऊन मोकळे होतात. आमच्याकडे काका घरून पातेली घेऊन येत. मटकीची उसळ, पाव, दडपे पोहे, थंडी फार असेल तर मुगाची खिचडी. आणि आम्ही ज्यांच्याकडून आठ गोलांनी हरलो त्या मुलींच्या ताटाशी उभे राहून ते आग्रह करत. एक्झेटरची एक धिप्पाड मुलगी, जिने मला एकटीने पाच गोल मारले होते, ती पोट धरून म्हणाली, “डॉक, मला श्वास घेता येत नाहीये.” काका म्हणाले, “श्वास नंतर घे. आधी हा एक डाव.” कॉलेजांच्या लीगमध्ये आम्ही पश्चिम विभागात होतो, आणि तो विभाग म्हणजे त्यांच्या लेखी गुणतक्ता नव्हताच, ती भावकी होती. स्वान्झी म्हणजे सख्खे चुलत, त्यामुळे भांडणं व्हायचीच. बाथची माणसं जरा श्रीमंत, पण मनाने चांगली. ग्लॉस्टरकडे मुली कमी, त्यांना सांभाळून घ्यायचं. ग्लॉस्टरच्या कधी नऊच जणी आल्या तर काका मेगनला म्हणत, “आपल्यातल्या दोन बाहेर काढ.” मेगन म्हणे, “डॉक, आपण तळाला आहोत!” “म्हणून तर. तळाला बसलेल्याने मोठं मन दाखवलं तर शोभतं.”

मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा संघाची चिटणीस झाले, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला नाही म्हणता येत नाही. त्याच वर्षी लीगच्या ऑफिसने सगळ्या देशातले विभाग नव्याने पाडायला घेतले. नवीन कॉलेजं लीगमध्ये यायची होती, वरच्या गटांत संघ वाढवायचे होते, आणि कुठल्या कॉलेजने कुणाशी खेळायचं हे आता नकाशा आणि अंतरं घालून कॉम्प्युटर ठरवणार होता. काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तो फोनवर म्हणाला, तिकडे तर कॉलेजं जुने शेजारी सोडून टीव्हीच्या पैशासाठी तीन हजार किलोमीटरवरच्या गटात जातात. काकांना ते फार लागलं. “आपल्याला टीव्ही कुठे आहे? आपल्याला तर मेगनची आईसुद्धा बघायला येत नाही.”

मार्चमध्ये प्रत्येक संघाच्या चिटणीसाला एक फॉर्म आला. आपल्याला कोणत्या विभागात राहायचं आहे, का, आणि काही हरकत आहे का, एवढे तीनच प्रश्न. मेगनने मला बजावलं, “मोठ्या अक्षरांत ‘पश्चिम’ लिही, पाठव, आणि डॉकना दाखवू नकोस. दाखवलंस तर ते त्यात कविता घालतील.” मी काकांना दाखवला. इतक्या वर्षांच्या माणसाला न विचारता पाठवणं मला बरं वाटेना.

त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या छोट्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला.

“काका, मेगन म्हणते की सरळ ‘पश्चिम’ लिहायचं.”

“मेगन गुणी आहे, पण लहान आहे. असं तोंड उघडून मागायचं असतं का? आपण तिथे इतकी वर्षं आहोत. आपण कुठले, हे त्यांना माहीत नाही का?”

“पण त्यांनी विचारलंय.”

“विचारणारच. विचारणं त्यांचं काम, नको म्हणणं आपलं. मग ते म्हणतील, असं कसं, तुम्ही इथलेच. त्याला मान असतो. घे, लिही.”

आणि ते उठून उभे राहिले, हात मागे बांधले, आणि पेशंटचा रिपोर्ट सांगावा तशा इंग्रजीत सांगू लागले. त्याचा मराठीत अर्थ असा होता: ‘आमची अशी विशेष पसंती नाही. कृपया आधी इतर कॉलेजांची सोय पाहावी. आम्हांला कुठेही चालेल.’ मला त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, “भारदस्त झालं.”

मला माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण नाहीतर या लेखाला अर्थ नाही. या देशात मी शाळेत गेलेली आहे. पहिल्याच आठवड्यात जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीने ‘कस्टर्ड?’ म्हणून विचारलं, मी नको म्हणाले, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. इथे नको म्हणजे नको आणि चालेल म्हणजे चालेल, हे मला तेराव्या वर्षी कळलं होतं. पण समोर डॉक्टर होते, मोठे होते, त्यांच्याकडे पाहून आईसुद्धा पदर नसताना सावरल्यासारखं करते. मी म्हणाले, “काका, थोडं स्पष्ट...” ते म्हणाले, “हं?” मी म्हणाले, “काही नाही.” आणि पाठवून दिलं.

जूनमध्ये यादी लागली. मेगनने मैदानावरच फोन उघडला. आमचं नाव पूर्व विभागात होतं. नॉरिच, कोल्चेस्टर, कँटरबरी.

“कँटरबरी?” मेगन ओरडली. “तिथून फ्रान्स दिसतं!”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि यादी खालून वर वाचली. मग शांतपणे म्हणाले, “कॉम्प्युटरचा गोंधळ आहे. त्याला काय कळतंय कोण कुठलं ते. तू फोन कर, ते लगेच दुरुस्त करतील.”

मी फोन केला. पलीकडची बाई इतकी गोड बोलली, की ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “अगं हो, तुमचं कॉलेज! आम्ही ऑफिसात तुमचा फॉर्म सगळ्यांना वाचून दाखवला. प्रत्येकाला जवळचाच विभाग हवा होता, सगळे भांडत होते. कुठेही चालेल म्हणणारे तुम्ही एकटेच. तुमच्यामुळे आमचं काम किती सोपं झालं म्हणून सांगू!” मी थँक यू म्हणाले. सवयीने.

मेगनला मी खरं सांगितलं. तिने विचारलं, “तू वाचलं होतंस?” मी म्हटलं, हो. “आणि पाठवलंस?” हो. ती बराच वेळ स्टिकने गवत उकरत राहिली. मग म्हणाली, “डॉकना कळता कामा नये. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरच दोषी राहू दे.” म्हणून आम्ही कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. काका सगळ्यांत जास्त देत, आणि मी मान हलवत असे. त्यांनी लीगच्या ऑफिसला हाताने अपिलाचे अर्ज लिहायला सुरुवात केली. दर महिन्याला एक. त्यात ते आमच्या विभागातल्या जुन्या सामन्यांचे स्कोअर घालत, आम्ही हरलेले, पुरावा म्हणून.

त्या वर्षाचं फार काही लिहवत नाही. बुधवारी दुपारच्या सामन्याला नॉरिच गाठायचं तर पहाटे निघावं लागे, म्हणजे सकाळची लेक्चरं गेली, प्रॅक्टिकलं गेली. संघातल्या दोघींना कॉलेजकडून हजेरीची पत्रं आली. माझा विषय फिजिओथेरपी, त्यात हजेरीची सूट नाही. मी निम्म्या वेळा गेलेच नाही आणि गोलमध्ये मेगनची रूममेट उभी राहिली. ती चष्मा काढून उभी राहायची. ऑक्टोबरात आम्ही चौदा होतो, नोव्हेंबरात दहा. काका मात्र प्रत्येक वेळी मिनीबसच्या पहिल्या सीटवर असत, डबे मांडीवर. मोटारवेवर पाऊस, बाहेर काळोख, मागे मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या, आणि ते एकटे जागे राहून ड्रायव्हरला रस्ता दाखवत. रस्ता त्यांना माहीत नव्हता.

घरचा एक सामना मला विसरता येत नाही. कोल्चेस्टरच्या मुली आल्या होत्या. आम्ही दहाच जणी खेळून फक्त तीन गोलांनी हरलो, म्हणजे आमच्या हिशेबात जवळजवळ विजयच. काकांनी त्या दिवशी तीन पातेली आणली होती. उसळीवर कांदा-कोथिंबीर घालून ते दाराशी उभे होते. पण त्या मुलींना पाच तासांचा परतीचा प्रवास होता आणि बसचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. “थोडं तरी घ्या,” काका म्हणाले. “नो, थँक यू,” त्यांची कॅप्टन म्हणाली. काका हसले. त्यांना वाटलं, हा पहिला नकार. “दोन घास. उभ्या उभ्या.” “थँक यू, रिअली,” ती म्हणाली. ते डाव घेऊन तिच्या मागे बसपर्यंत गेले. बसचं दार बंद झालं. काका पार्किंगमध्ये तसेच उभे राहिले, हातात डाव, डावात उसळ, आणि वर पाऊस. मेगनने जाऊन त्यांच्या हातातून डाव घेतला आणि तिथेच, पावसात, ती उसळ खाऊन टाकली. मग आम्ही दहा जणींनी तिन्ही पातेली संपवली. खाताना मला रडू येत होतं आणि काकांना वाटलं तिखट झालं आहे.

लीगचा नियम असा, की तीन सामने सोडले की संघाचं नाव कापतात. पहिला आम्ही कँटरबरीचा सोडला. मिनीबसच मिळाली नाही. दुसरा नॉरिचचा, जायला सातच जणी होत्या. जानेवारीत काकांना न्यूमोनिया झाला. मुलगी येऊन त्यांना पिनरला घेऊन गेली. ती म्हणाली, “बाबा आता पावसात उभे राहणार नाहीत, बस झालं.” काका नको नको म्हणत होते, आणि तिला हे घरातलं व्याकरण चांगलं ठाऊक असल्याने तिने ते ऐकलंच नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही तिसरा सामना सोडला. नाव कापलं गेलं. कॉलेजने आमची मैदानाची वेळ दुसऱ्या खेळाला देऊन टाकली.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “हरकत नाही. अपिलाचं उत्तर आलं की पुन्हा उभं करू. आलं का उत्तर?” मग दर बुधवारी ठरल्या वेळी त्यांचा फोन येऊ लागला. “आलं का?” मी म्हणे, “नाही अजून.” उत्तर आलं फेब्रुवारीत, चिटणीस म्हणून माझ्याकडे. दोन ओळी: विभाग संघाच्या लेखी संमतीने ठरला होता, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. खाली आमचा फॉर्म जोडलेला. मी तीन बुधवार ‘नाही अजून’ म्हणाले. चौथ्या बुधवारी मी फोन उचललाच नाही, आणि शनिवारी लांब पल्ल्याची बस पकडून पिनरला गेले.

ते मागच्या खोलीत होते. अंगात जाड स्वेटर, गळ्यात मफलर, आणि माणूस निम्मा झालेला. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसत होती. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. मग जोडलेला फॉर्म वाचला, सावकाश, जणू पहिल्यांदाच बघत होते.

“म्हणजे त्यांनी वाचलं होतं,” ते म्हणाले.

“हो काका.”

“आणि खरं धरलं.”

“हो.”

ते भिंतीकडे बघत म्हणाले, “अगं, जन्मभर पेशंट यायचे. मोडका पाय घेऊन यायचे आणि म्हणायचे, आय अ‍ॅम फाइन, डॉक्टर. मी कधी विश्वास ठेवला नाही. दाबून बघायचो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दाबून बघायला काय जात होतं त्यांचं?”

मी म्हणाले, “काका, मला माहीत होतं. पाठवताना माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मोठे.”

“हं.” त्यांना हसू आलं, हसताना खोकला आला, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. मी त्यांची पाठ चोळली. सगळ्या बरगड्या हाताला लागल्या. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, “तू टाइप केलंस, मी बोललो. तुझ्या वाट्याला फक्त बोटं येतात. ते डोक्यातून काढ.” माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही, पण त्यांनी सांगितलं हे मला इथे नोंदवायचं आहे.

निघताना मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. “ए पोरी. आपली जागा घेतली कुणी?”

“कुठली जागा?”

“पश्चिमेतली. आधी इतरांची सोय पाहावी, असं लिहिलं होतं ना आपण? मग कुणाची झाली?”

हे मला सुचलंच नव्हतं. मेगनलाही नाही. आम्ही वर्षभर फक्त आपण कुठे फेकले गेलो तेच बघत होतो. कार्डिफला परत आल्यावर मी त्याच गोड बाईंना लिहिलं, या वेळी स्पष्ट, एका ओळीत, थँक यू न लिहिता. उत्तर यायला अडीच आठवडे लागले. तोवर काकांना पिनरजवळच, हॅरोच्या बाजूच्या हॉस्पिटलात हलवलं होतं आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फोनवर बोलणं होत नव्हतं. मी बाईंचं उत्तर मराठीत लिहून त्यांच्या मुलीला पाठवलं. तिने कळवलं, की तिने कानाशी वाकून ते वाचून दाखवलं आणि शेवटचं वाक्य ऐकताना त्यांचे डोळे उघडे होते. मी लिहिलं होतं ते असं: काका, आपली जागा आपल्याच वेल्सच्या व्हॅलीजमधल्या, डोंगरखोऱ्यांतल्या, एका नव्या कॉलेजच्या मुलींना मिळाली. आपण पश्चिम मागितली असती तर त्यांना पूर्वेला जावं लागलं असतं, आणि पहिल्याच वर्षी तेवढा प्रवास त्यांना झेपला नसता. मी गुणतक्ता पाहिला. त्या सगळे सामने हरल्या आहेत. एकही सोडलेला नाही.